पुरात बुडालेली गाडी: किल्ली फिरवण्याआधी, क्लेम करण्याआधी आणि विकत घेण्याआधी

वाशिष्ठीकाठ | ऑगस्ट २०२१

२२ जुलैला चिपळूणमध्ये वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी शिरले, हे सर्वांना माहीत आहेच. आमची डिझेल हॅचबॅक इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभी होती. पाणी ओसरल्यावर दाराच्या आतल्या बाजूला जी रेघ दिसते ती स्टिअरिंगच्या खालच्या कडेला येते, म्हणजे आसने पूर्ण बुडाली होती आणि डॅशबोर्डचा खालचा भागही पाण्यात होता. गाडी तीन वर्षांहून थोडी अधिक जुनी आहे, विमा सर्वसमावेशक आहे, सोबत झिरो डेप (घसारा न कापणारे पूरक संरक्षण) आहे, पण इंजिन प्रोटेक्शन नाही. पॉलिसीवर आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) ४ लाख ८० हजार लिहिलेली आहे.

गाडी अजून सुरू केलेली नाही, किल्लीही फिरवलेली नाही. शेजारच्या एका गृहस्थांनी पाणी उतरताच सेल्फ मारून पाहिला, तेव्हा इंजिन अर्धा फेरा फिरून एका ठोक्यासरशी थांबले. ते पाहिल्यापासून सगळी इमारत आपापल्या गाड्यांकडे लांबूनच पाहते आहे.

माझे प्रश्न असे आहेत. सर्व्हेअर (विम्यासाठी नुकसान तपासणारा) येईपर्यंत मी गाडीला काय करावे आणि काय करू नये? दुरुस्तीचा आग्रह धरावा, की कंपनीने टोटल लॉस (दुरुस्ती परवडणार नाही, गाडी पूर्ण गेली) म्हटल्यास तो स्वीकारावा? आणि चिपळूणला खाडीचे पाणी भरतीबरोबर वर येते, त्यामुळे या पाण्यात क्षार असण्याची शक्यता कितपत गांभीर्याने घ्यावी?

पाना_पक्कड | सांगली

वाशिष्ठीकाठ, तुम्ही किल्ली फिरवली नाही, इथेच निम्मे काम झाले आहे. शेजाऱ्यांच्या गाडीचे काय झाले ते सांगतो. सिलिंडरमध्ये हवा असते तेव्हा पिस्टन ती दाबू शकतो. पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी आत गेलेले असताना सेल्फ मारला, की वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, क्वचित ब्लॉक फोडून बाहेरही येतो. डिझेल इंजिनात पिस्टनच्या डोक्यावरची जागा पेट्रोलपेक्षा पुष्कळ कमी असते, त्यामुळे थोडेसे पाणीही तिथे पुरते. धक्का मारून गिअरमध्ये टाकणे हाही तोच प्रकार आहे, तेव्हा कोणी सल्ला दिला तरी तो मार्ग पत्करू नका.

आता करायचे काय ते. प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, कारण बॅटरी जोडलेली असेल आणि कपलरमध्ये (वायरींच्या जोडणीत) ओल असेल, तर गाडी बंद असली तरी पिना हिरव्या पडत राहतात. हँडब्रेक ओढलेला असेल तर सोडा आणि चाकाला दगड लावा. गाळ आणि गंज मिळून मागचे लायनर ड्रमला असे चिकटतात की नंतर चाकच फिरत नाही. दारे, डिकी, बॉनेट उघडी ठेवता आली तर ठेवा. डिपस्टिक काढून तेल पाहा. ते दुधाळ चहासारखे दिसले तर तेलात पाणी मिसळले आहे हे नक्की, पण तेल स्वच्छ दिसले म्हणून इंजिन कोरडे आहे असे समजू नका, कारण पाणी तळाशी बसते आणि डिपस्टिक तिथवर पोहोचेलच असे नाही.

गाडी हलवायची झाल्यास फ्लॅटबेडवरच (गाडी पूर्ण वर घेणाऱ्या सपाट ट्रकवर) चढवा. दोरी बांधून ओढणे नको, आणि ऑटोमॅटिक गाडी असेल तर मुळीच नको.

एक गोष्ट मात्र घाईने करण्यासारखी आहे, आणि तिथेच गॅरेजवाला आणि विमावाला यांचे घड्याळ जुळत नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलेले असेल तर काही दिवसांतच आतल्या भिंतीवर गंजाचा थर चढतो आणि पिस्टनच्या रिंगा अडकतात. इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून पाणी बाहेर घालवले, सिलिंडरमध्ये तेल सोडले आणि इंजिन हाताने पान्याने फिरवून ठेवले, तर पुष्कळदा इंजिन वाचते. २०१९ च्या पुरात आमच्याकडे कृष्णेचे पाणी दिवसेंदिवस उभे होते, त्यामुळे जी इंजिने आली त्यांतली अनेक आधीच जाम होती. तुमच्याकडे पाणी त्या मानाने लवकर उतरले आहे, तेव्हा वेळ फुकट घालवू नका.

विमापत्र | निवृत्त सर्व्हेअर

पाना_पक्कड यांचे तांत्रिक म्हणणे योग्य आहे, पण त्याआधी एक पायरी आहे. विमा कंपनीला कळवल्याशिवाय आणि तिची परवानगी मिळाल्याशिवाय गाडीचा एकही नट खोलू नका. हे मी कंपनीची बाजू घेऊन सांगत नाही. इंजिन सर्व्हेअरच्या आधी उघडले गेले, की पाणी पुरामुळे शिरले की कोणी पाण्यातून गाडी चालवल्यामुळे शिरले, हा वाद उभा राहतो आणि तो वाद मालक सहसा हरतो.

तो वाद का निर्माण होतो हे समजून घ्यावे लागेल. आपल्याकडील सर्वसमावेशक पॉलिसीत पूर आणि जलप्रलय यांपासून होणारे नुकसान स्पष्ट शब्दांत समाविष्ट आहे. केवळ थर्ड पार्टी विमा असलेल्याला त्यातून काहीही मिळत नाही. मात्र त्याच पॉलिसीत परिणामी नुकसान, झीज, यांत्रिक आणि विद्युत बिघाड हे वगळलेले आहेत. उभ्या गाडीत पाणी शिरले तर ते पुराचे नुकसान झाले. पाण्यात बुडालेली गाडी नंतर सुरू केल्याने रॉड वाकला, तर कंपनी त्याला परिणामी नुकसान म्हणते आणि इंजिनाचा खर्च नाकारते. हीच फट भरून काढण्यासाठी इंजिन प्रोटेक्शन हे पूरक संरक्षण विकले जाते. वाशिष्ठीकाठ यांच्याकडे ते नसले तरी गाडी उभी होती आणि सुरू केलेली नाही, त्यामुळे त्यांची बाजू भक्कम आहे. शेजाऱ्यांची तशी नाही.

म्हणून पुरावा आजच गोळा करा. दाराच्या आतील बाजूस, आसनाच्या पाठीवर आणि इंजिनाच्या कप्प्यात पाण्याची जी रेघ उमटली आहे तिची छायाचित्रे घ्या, आणि एका छायाचित्रात रेघ व नंबर प्लेट दोन्ही येतील असे पाहा. ओडोमीटरचा आकडा दिसण्यासाठी इग्निशन चालू करण्याचा मोह टाळा. इमारतीच्या भिंतीवरील पुराची खूणही घ्या. तलाठ्यांनी इमारतीचा पंचनामा केला असेल तर त्याची प्रत जोडा. ती बंधनकारक नाही, परंतु त्या दिवशी त्या जागी पाणी होते हे त्यातून निर्विवाद ठरते. क्लेम नोंदवताना फोनबरोबर ईमेलही करा, आणि इंजिनातील पाणी काढण्याची परवानगी त्याच ईमेलमध्ये मागा. सर्व्हेअर दोनशे गाड्यांच्या मागे लागलेला असताना अशी परवानगी बहुधा छायाचित्रांवरच मिळते. ती लेखी असली म्हणजे झाले.

टोटल लॉसविषयी स्वतंत्र लिहितो, कारण त्यात गैरसमज फार आहेत.

हप्तेवाली | खेड

आमच्या गाडीचे कर्ज अजून चालू आहे. टोटल लॉस झाला तर पैसे आम्हांला मिळतात की बँकेला? आणि तोवर हप्ता थांबवता येतो का?

विमापत्र

हप्तेवालीताई, आर.सी.वर बँकेच्या तारणाची नोंद आहे तोपर्यंत टोटल लॉसच्या रकमेवर पहिला हक्क बँकेचा आहे. कंपनी बँकेची येणे बाकी चुकती करते आणि काही उरले तर ते तुमच्या खात्यात येते. उरलेच नाही आणि कर्ज शिल्लक राहिले, तर ते तुम्हांला फेडावेच लागते. क्लेम प्रलंबित असताना हप्ता थांबवू नका. बँकेने लेखी सवलत दिली तरच थांबवा.

आता मूळ प्रश्न. दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा अधिक होत असेल, तर गाडी टोटल लॉस धरली जाते. वाशिष्ठीकाठ यांची आयडीव्ही ४ लाख ८० हजार आहे, म्हणजे ३ लाख ६० हजार ही त्यांची सीमारेषा. (गाडीची मूळ किंमत ८ लाख असावी. तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा लावण्याची प्रथा आहे.) डॅशबोर्डला पाणी लागलेल्या आजच्या गाडीत पूर्ण वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा संगणक), एअरबॅगचे मोड्यूल, आसने आणि स्टिअरिंगची मोटर असे अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या दराने लिहीत गेले, तर ही रेषा ओलांडायला इंजिनापर्यंत जावेही लागत नाही.

दुरुस्ती झाली तर घसाऱ्याचा हिशेब पाहा. झिरो डेप नसेल तर रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के रक्कम मालकाच्या माथी येते, आणि तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के. काचेवर घसारा नसतो. झिरो डेप असल्यास हे टळते, पण तेल, कूलंट, ग्रीस, नट अशा वस्तू वेगळे संरक्षण नसल्यास तुमच्याच खर्चात येतात, आणि पूरग्रस्त गाडीत तेले दोन-तीनदा बदलावी लागतात.

कुंभार्लीमार्गे | ऑटो इलेक्ट्रिशियन, कराड

पुरातल्या गाडीबद्दल बोलताना सगळे इंजिनावर अडकतात. वास्तविक इंजिन हा गाडीतला सर्वांत प्रामाणिक भाग आहे. ते बिघडले असेल तर लगेच कळते. वायरिंग तसे नाही. ते सहा महिने नीट चालते आणि पुढच्या पावसाळ्यात दगा देते.

कारण असे. तांब्याच्या तारांवर आवरण असते, पण पाणी कपलरच्या तोंडातून आत शिरते आणि केशाकर्षणाने तारेच्या आत हातभर वर चढते. बाहेरून कपलर धुऊन, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, ब्लोअरने वाळवून दिला की स्कॅनरवर एकही दोष दिसत नाही. आतली तार मात्र हळूहळू काळी पडत जाते. पुढे कधीतरी पॉवर विंडो मधूनच बंद पडते, एबीएसचा दिवा लागतो आणि विझतो, पावसात गाडी सुरू होत नाही आणि उन्हात होते. असा दोष शोधण्यात जितके तास जातात तितक्यांचे पैसे कोणी ग्राहक आनंदाने देत नाही, आणि त्यात ग्राहकाचीही चूक नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या उंचीची. लोक म्हणतात, पाणी फक्त मॅटपर्यंत आले होते, आसनालाही लागले नाही, म्हणजे काळजी नाही. पुष्कळ गाड्यांत एअरबॅगचे मोड्यूल दोन आसनांच्या मधल्या बोगद्यावर, गिअरच्या खालच्या बाजूला, जवळजवळ जमिनीलाच असते. सीट बेल्ट ताणणारे यंत्र बी पिलरच्या (पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाच्या) तळाशी असते आणि आसनाखालून एअरबॅगचा पिवळा कपलर जातो. म्हणजे घोटाभर पाणीही नेमके जीव वाचवणाऱ्या भागांना लागते. हे भाग धुऊन परत बसवण्याचे नाहीत, बदलायचेच आहेत. पाना_पक्कड यांना राग येईल, पण मी अशा मोड्यूलवर अल्कोहोल फिरवून ते परत जोडणारी गॅरेजे पाहिली आहेत.

खाडीच्या पाण्याविषयी: क्षार असतील तर वर सांगितलेले सहा महिने सहा आठवड्यांवर येतात. गाडी वाळण्याआधी आतून स्वच्छ गोड्या पाण्याने हलकेच धुणे हे ऐकायला विचित्र वाटते, पण क्षार आणि गाळ ओले असतानाच निघतात. प्रेशर पंप मात्र वापरू नका. ज्या कपलरमध्ये पुराचे पाणी शिरले नाही त्यातही तो पाणी घालतो.

पाना_पक्कड

राग मुळीच नाही. एअरबॅगच्या बाबतीत तुमचे बरोबर आहे आणि त्यावर वादच नाही. परंतु सगळ्याच गाड्यांना एका मापाने मोजू नये. ज्या जुन्या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही आणि सगळ्या गाडीत मिळून इलेक्ट्रॉनिक्सचे एकच खोके आहे, ती गाडी गळ्यापर्यंत बुडाली तरी उभी राहते. अशा गाडीची आयडीव्ही कमी असते, त्यामुळे कंपनी चटकन टोटल लॉस करते आणि एखाद्या भाजीवाल्याची चांगली चालती गाडी कवडीमोलाने भंगारात जाते. त्याने क्लेम न करता गॅरेजमध्ये आणली तर त्याचे भले होते. उलट चार वर्षांची, सगळ्या सोयींची गाडी वाचवण्याचा हट्ट मालकाला महाग पडतो. जितकी नवी गाडी, तितकी ती पुरात नाजूक, असा हा उलटा कारभार आहे.

गिअरबॉक्सचा मुद्दा राहिला. गिअरबॉक्सला वर एक बारीक श्वासनळी असते. चालून तापलेली गाडी पाण्यात अडकली, की आतली हवा थंड होऊन आकसते आणि त्या नळीतून पाणी ओढले जाते. मॅन्युअल असेल तर तेल काढून, धुऊन, पुन्हा तेल भरून बहुतेक वेळा भागते. ऑटोमॅटिकमध्ये क्लच प्लेटांवरचे अस्तर चिकटवलेले असते आणि पाण्याने ते सुटते. डिझेलची टाकीही रिकामी करून घ्या, नाहीतर इंजिन वाचले तरी पंप आणि इंजेक्टर जातात.

वाशिष्ठीकाठ | ऑक्टोबर २०२१

सर्वांचे आभार. ईमेलवर परवानगी मिळाल्यावर स्थानिक मेकॅनिककडून इंजिनातील पाणी काढून घेतले; इंजिन हाताने फिरते. सर्व्हिस सेंटरचा अंदाज ३ लाख ६० हजारांच्या बराच वर गेला आणि कंपनीने टोटल लॉसचा प्रस्ताव दिला. कुंभार्लीमार्गे यांचा प्रतिसाद वाचल्यावर घरात चर्चा फार झाली नाही. प्रस्ताव स्वीकारला आणि अनिवार्य वजावट वगळून आयडीव्हीची रक्कम मिळते आहे. आता गाडीचा सांगाडा लिलावातून एका व्यापाऱ्याकडे जाणार असून तो कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी हस्तांतराचे अर्ज) सह्या मागतो आहे.

विमापत्र

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि तारीख भरलेली असावी, त्याच्या ओळखपत्राची प्रत आणि ताबापावती घ्यावी, आणि हस्तांतर आर.टी.ओ.च्या नोंदीत झाले की नाही हे परिवहन संकेतस्थळावर स्वतः पाहावे. नोंद तुमच्या नावावर असेपर्यंत त्या गाडीने केलेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही भूमिका स्पष्ट केली आहे. गाडी खरोखर भंगारात तोडली जाणार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ खाली नोंदणी रद्द करून घ्यावी. व्यापारी मात्र बहुधा ती तोडत नाही. इंजिन हाताने फिरते हे तुम्ही त्याला सांगितले असेल, तर तो ती नक्कीच तोडणार नाही.

जुनी_गाडी | पुणे, २०२२

विमापत्र यांच्या शेवटच्या वाक्यामुळे हा धागा वर आणतो आहे. मी सेकंडहँड गाडी शोधतो आहे. मित्र म्हणतात की एमएच ०८, ०९ आणि १० या क्रमांकांच्या गाड्यांकडे पाहूच नकोस. हे योग्य आहे का?

कुंभार्लीमार्गे

रत्नागिरी, कोल्हापूर आणि सांगली या तीन जिल्ह्यांतल्या सगळ्या सज्जन गाड्यांवर हा अन्याय आहे, आणि त्याने तुमचे संरक्षणही होत नाही. पुरात पुण्या-मुंबईच्या क्रमांकाच्याही गाड्या असतात, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तर आंबिल ओढ्याने पुण्यातल्याच गाड्या वाहून नेल्या. क्रमांक पाहू नका, गाडी पाहा.

सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. साफसफाई करणारा बेल्टचा दिसणारा भाग धुतो; गुंडाळीतल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ तशीच राहते. आसन पुढे सरकवून खालच्या रुळांवरचा आणि स्प्रिंगांवरचा गंज पाहा. स्टिअरिंगखाली मान घालून डॅशबोर्डचे स्क्रू पाहा. इतक्या आत गंज कधीच नसावा. स्टेपनी उचलून तिच्या खड्ड्यातला आणि जॅकच्या खाचेतला गाळ बोटाने तपासा. मॅटिंगखालचा फोम दाबा आणि बोटाचा वास घ्या. तीन वर्षांच्या गाडीत मॅटिंग कोरे करकरीत असेल किंवा अत्तराचा दर्प येत असेल, तर विक्रेत्याला कारण विचारा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांनी विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कोणीतरी बल्ब काढलेला आहे.

विमापत्र

याशिवाय, आधीच्या पॉलिसीची प्रत मागा आणि नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती टक्के होता ते पाहा. पाच वर्षांच्या गाडीवर तो शून्य असेल तर त्याआधीच्या वर्षी क्लेम झाला असण्याची शक्यता आहे. क्लेम झाला का आणि कशाचा होता ते पॉलिसी क्रमांकावरून विमा कंपनीला विचारता येते, मात्र विक्रेत्याची संमती लागते. संमती द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून गाडी घेऊ नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदीत जुलै किंवा ऑगस्टनंतर अचानक खंड पडलेला दिसला, तरीही सावध व्हावे.

भारनियमन | नाशिक, ऑक्टोबर २०२२

इलेक्ट्रिक गाडीचा उल्लेख धाग्यात नाही, म्हणून भर घालतो. अशा गाडीत हायड्रोलॉकचा (सिलिंडरमधल्या पाण्याने इंजिन अडकण्याचा) प्रश्नच नाही, म्हणून काही जण ती पुरात निर्धास्त मानतात. बॅटरीच्या खोक्याला आयपी ६७ मानांकन असते, त्याचा अर्थ १ मीटर पाण्यात ३० मिनिटे इतकाच आहे, आणि तोही नव्या, न ठोकरलेल्या खोक्यासाठी. रात्रभर पाण्यात उभी राहिलेली गाडी त्या हमीच्या बाहेर गेली.

वाशिष्ठीकाठ यांनी क्षारांविषयी विचारले होते. गेल्या महिन्यात इयन वादळानंतर अमेरिकेत फ्लोरिडामध्ये समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्यांनी पाणी ओसरल्यानंतर पेट घेतला. खारे पाणी वीज वाहून नेते, ते वाळल्यावर मागे राहिलेला क्षारांचा थर सेलमध्ये शॉर्ट घडवतो, आणि आग काही दिवसांनीही लागू शकते. त्यामुळे खाडीकाठच्या पुरात सापडलेली इलेक्ट्रिक गाडी किंवा स्कूटर चार्जिंगला लावू नये, नारिंगी (उच्च दाबाच्या विजेच्या) वायरींना हात लावू नये, आणि गाडी इमारतीखाली न ठेवता उघड्यावर, तिकडच्या सूचनांप्रमाणे सुमारे ५० फूट दूर, उभी करावी. फ्लॅटबेडवाल्याला गाडी इलेक्ट्रिक आहे आणि पुरातली आहे हे चढवण्याआधी सांगावे.

हप्तेवाली

स्कूटरची बॅटरी काढता येणारी असेल आणि पाणी येण्याची सूचना मिळाली, तर ती काढून वरच्या मजल्यावर नेलेली चालेल ना?

भारनियमन

कोरडी असताना नेली तर चालेल, आणि तेच सर्वोत्तम. एकदा पाण्यात बुडाली असेल तर मात्र घरात आणू नका.